विहिरीपासून पन्नास फूट

धुरपतानं कप्पीवरून दोर ओढून काढला, त्याचं वेटोळं केलं आणि बादलीसकट ते पदराखाली झाकून ती घराकडे निघाली. विहीर तिची, दोर तिचा, बादलीही तिनंच तुमसरच्या बाजारातून घासाघीस करून आणलेली. पण चाल अशी, जणू कुणाच्या वाडीतल्या काकड्या तोडून निघाली आहे. वाटेत टोलीतलं, म्हणजे गावाबाहेरच्या तिच्या वस्तीतलं, कुत्रं आडवं आलं. त्यालाही तिनं बादली दिसू दिली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. घरात शिरून तिनं दोर धानाच्या ढोलीमागे कोंबला, वर जुनं पोतं टाकलं आणि खाटेच्या कडेवर बसून दम घेतला.

हे सगळं विनोदच्या सांगण्यामुळे चाललं होतं. विनोद तिचा एकुलता एक मुलगा. तुमसरला एका राईस मिलमध्ये मशीनवर होता, आणि तिथेच दोन खोल्यांत बायको रीना आणि पाच वर्षांची रक्षा यांच्यासह राहत होता. रविवारी तो आला, आईच्या हातचं पोटभर जेवला आणि अंगणात हात धुता धुता म्हणाला,

"आई, बुधवारी पंचायत समितीच्या मॅडम येनार हायेत. अमरभाऊच्या लेआउटची पाहनी कराले. त्या तुले विचारतील, या विहिरीचं पानी कोन पेते मून. कोनी पेत नाही, असं सांगजो."

"मी पेतो ना."

"तू पेते ते मले ठाऊक हाये. पन सांगू नको."

मग त्यानं समजावून सांगितलं. धुरपताच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, लागून भैय्यालाल पाटलांची वरची जमीन. तिथे आता त्यांच्या मुलानं, अमरनं, चोवीस प्लॉट पाडले होते. पिण्याच्या विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत संडासाचा शोषखड्डा करता येत नाही, असा नियम. विहीर नेमकी दोन शेतांमधल्या धुऱ्यावर. ती पिण्याची ठरली तर पन्नास फुटांतले प्लॉट जाणार. आणि पडीत ठरली, तर काही अडचण नाही. नकाशावर अमरनं तिला पडीतच दाखवलं होतं.

"नऊ नंबर माहा हाये, आई. अमरभाऊनं मले पह्यले पसंत कराले लावलं होतं. मीच तो घेतला, विहिरीजवळचा."

"अन् संडासाचं पानी कुठी जाते?"

"सिमेंटची टाकी रायते, पक्की. कुठीच जात नाही."

धुरपता ताटं उचलायला वळली. तेव्हा विनोदनं ओले हात पँटीला पुसले आणि जमिनीकडे पाहत म्हणाला,

"नऊ नंबरच्या खिडकीतून तुहं दार दिसते. मी उभा राहून पाह्यलं."

इथे त्यानं आईला जिंकलं. गेल्या वर्षी ती विहिरीच्या ओट्यावर घसरून पडली होती आणि अर्धा तास तशीच पडून होती. कंबर बरी झाली, पण विनोदच्या मनातून तो अर्धा तास गेला नव्हता. आईच्या धानाच्या बांधीत घर बांधायला परवानगी मिळत नाही, टोलीतल्या तिच्या खोलीत चौघं मावत नाहीत, आणि आई तुमसरला यायला तयार नाही. तीन वाटा बंद झाल्या तेव्हा त्याला ही चौथी सापडली होती. आणि धुरपताला तरी दुसरं काय हवं होतं? रक्षा सकाळी उठल्यावर डोळे चोळत आपल्या दारात यावी, एवढंच. त्यासाठी एक खोटं बोलायला काय जातं, असं तिनं स्वतःला तीन दिवस सांगितलं. तिसऱ्या दिवशीही ते पुरतं पटलं नव्हतं.

विहीर तिच्या नवऱ्यानं, सुखरामनं, खोदली होती. धुरपता लग्न होऊन आली तेव्हा टोलीच्या बायका बोडीवरून, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावरून, गढूळ पाणी आणत. गावातल्या विहिरीवर त्यांची घागर चालत नसे. धम्म घेऊन बारा वर्षं होऊन गेली होती, माणसं ताठ मानेनं चालत होती, पण तहान काही मानेला लागत नाही. सुखराम आणि त्याचे दोन भाऊ दोन उन्हाळे खाली उतरत राहिले. धुरपता वरून मातीच्या टोपल्या ओढायची. पाणी लागलं त्या दिवशी सुखराम खालून ओरडला, "गोड हाये वं!" आणि वर येईपर्यंत अर्ध्या टोलीनं ते चाखलं होतं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला त्या वर्षी सुखराम गेला. पुढे टोलीत नळ आले, बायकांनी दोर-बादल्या माळ्यावर टाकल्या. धुरपतानं मात्र नळाच्या पाण्यात धुणं-भांडी केली आणि प्यायला-रांधायला विहिरीचंच पाणी ठेवलं. लोक हसत. ती म्हणायची, "हसा. माही डाळ तं शिजते."

आता ढोलीकडे पाठ करून ती बसली होती, आणि एकदम ताडकन उठली. दोर लपवला खरा, पण शकुनबाईचं काय?

तिनं माठातून तांब्या भरला आणि पुन्हा विहिरीची वाट धरली.

शकुनबाई म्हणजे भैय्यालाल पाटलांची बायको, अमरची आई. रोज सकाळी ती बोडीच्या काठावर देवासाठी फुलं तोडायला येई. येता येता विहिरीवर थांबे, तांब्याभर पाणी पिई, आणि दोघी ओट्यावर घटकाभर बसत. ही गोष्ट त्या दोघींशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती. पहिल्यांदा शकुनबाई इथे प्यायली ती भर रोवण्यात, धानाच्या लावणीच्या दिवसांत. नवी सून होती. रोवणाऱ्या बायांसाठी शिदोरी घेऊन आली आणि बांधावरच चक्कर येऊन बसली. धुरपतानं चिखलाचे हात धुतले, पाणी आणलं, आणि घाबरून विचारलं, "आमचं चालते का?" शकुनबाईनं तांब्या हिसकावून घेतला होता. पाणी संपल्यावर मात्र म्हणाली, "घरी सांगू नको, माय. सासू मारून टाकंल." सासू खरोखरच तशी होती. टोलीतून आलेल्या सरपणावरसुद्धा पाणी शिंपडून मग ते चुलीत घालायची. पुढे सासू मेली, काळ बदलला, पण सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. गुपिताचं कारण संपलं तरी सवय संपत नाही. चारचौघांत धुरपता तिला 'पाटलीनबाई, तुमी' म्हणे. विहिरीवर दोघी एकमेकींना 'तू' म्हणत.

शकुनबाई परडी घेऊन आली. तिनं कप्पीकडे पाहिलं.

"काहून वं, दोर कुठी गेला?"

"तुटला."

"काल तं नवा होता."

"तुटला मून सांगतो ना. हे घे, पे."

शकुनबाई ओट्यावर बसली, तांब्या वर धरून सावकाश प्यायली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली,

"धुरपता, साठी उलटली तुही, पन खोटं बोलता येत नाही तुले. काय झालं सांग."

धुरपतानं सांगितलं. बुधवार, मॅडम, पन्नास फूट, नऊ नंबर, खिडकी. सांगताना ती शकुनबाईची रिकामी परडी उगाच इकडून तिकडे सरकवत होती. लेआउटचं शकुनबाईला ठाऊक होतं, पण ते विहिरीपर्यंत येऊन पोचलं आहे, हे घरात तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विहिरीत वाकून पाहिलं.

"मंग सांगून टाक," ती म्हणाली. "कोनी पेत नाही मून."

"अन् तू?"

"मी कोन पेनारी? मी फुलं तोडाले येतो." दोघी हसल्या. शकुनबाईचं हसू आधी थांबलं. "माह्यासाठी कायले अडते? अमरनं घरी आरओची मशीन लावली हाये. निळी लाइट लागते तिले."

"चव कशी हाये तिच्या पान्याची?"

"चवच नाही वं. पेल्ल्यासारखंच वाटत नाही." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "रक्षा येईल तुही घरी. ते मोठं. पानी काय, कुठलंही पेता येते."

असं म्हणून ती गेली. त्या दिवशी तिनं फुलं तोडलीच नाहीत, रिकामी परडी घेऊन बांधावरून परत गेली. 

त्याच दिवशी, बुधवारी, अकराच्या सुमाराला माणसं आली. हर्षा मॅडम स्कूटीवर आल्या. तिशीच्या आतली मुलगी, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, पाठीवर पिशवी. बरोबर ग्रामसेवक. अमर नकाशाची गुंडाळी घेऊन पुढे, त्याच्यामागे काठी टेकत भैय्यालाल पाटील, आणि मिलमधून अर्धी सुटी काढून आलेला विनोद. मे महिन्याचं ऊन असं, की बांधीतल्या भेगांत पाऊल जाईल. सगळ्यांच्या शेवटी चहाची किटली घेऊन शकुनबाई आली. घरचा गडी आला नाही म्हणून मीच आणली, असं ती न विचारताच म्हणाली. भैय्यालालनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागला.

मॅडमनी आधी नकाशा पाहिला, मग जमीन. बहुतेक साहेब लोक नकाशा पाहिल्यावर चहाच पाहतात, त्यामुळे हे अमरला जरा नवीन होतं. त्यांनी विहिरीच्या ओट्यावर पालथं झोपून वजन बांधलेली पट्टी आत सोडली, आणि उठून कपडे झटकत म्हणाल्या,

"बावीस फुटांवर पाणी."

"पाहा ना मॅडम," अमर म्हणाला, "बावीस फूट. आपला शोषखड्डा सहा फूट. मधात सोळा फूट सुकी माती. अन् तसं बी इथचं पानी कोनी पेत नाही."

मॅडमनी कप्पीकडे नजर टाकली. कप्पीच्या खाचेत तेल चमकत होतं.  मग त्या धुरपताकडे वळल्या.

"आजी, विहीर तुमची ना?"

"होय, बाई."

"उन्हाळ्यात आटत असेल?"

"आटतेच," अमरनं परस्पर उत्तर दिलं.

आता, विनोदनं आईला एका प्रश्नाचं उत्तर नीट पाठ करून दिलं होतं. आटण्याचा प्रश्न येईल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि या विहिरीला कुणी आटते म्हणावं, हे धुरपतानं आजवर कुणाचंही ऐकून घेतलेलं नव्हतं.

"कोन म्हनते आटते?" ती कडाडली. "दुस्काळात गावच्या सात विहिरी आटल्या होत्या, तवा सारं गाव ढोरं पाजाले इथं रांग लावून होतं. अन् हे बावीस फूट तं उन्हाळ्याचं सांगून राहिले तुमी. रोवन्यात या मंग. बांध्या पान्यानं भरल्या का इथं दोर लागत नाही. वाकून तांब्या बुडवते मानूस."

विनोदनं डोळे मिटून घेतले.

मॅडमचं पेन थांबलं होतं. "वाकून? म्हणजे किती खाली असतं पाणी?"

"हात, दीड हात."

"दरवर्षी?"

"रोवना होतो तवा दरवर्सी. बांधीत पानी उभं राहते ना. ते मुरून इथं येते." सांगून झाल्यावर तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. ती विनोदकडे पाहू लागली.

मॅडम ओट्यावर बसल्या. आवाजात साहेबीपणा नव्हता, शाळेतल्या पोरीला गणित समजावतात तशा सांगत होत्या. म्हणाल्या, "आजी, सेप्टिक टँक सिमेंटचा असतो, बरोबर. पण टँकमध्ये मैला बसतो, वरचं घाण पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. त्या खड्ड्याला तळ नसतो. ते पाणी मातीत मुरायचं, म्हणूनच तो करतात. आत्ता खाली सोळा फूट कोरडी माती आहे, गाळून जाईल. पण श्रावणात पाणी दीड हातावर आलं, तर सहा फुटांचा तो खड्डाच पाण्यात बुडालेला असेल. खड्ड्यातलं पाणी आणि विहिरीतलं पाणी वेगळं राहणार नाही."

"दिसंल का ते?"

"नाही. वासही येणार नाही कदाचित. चवही लागणार नाही. लहान मुलं आजारी पडायला लागली की कळतं."

धुरपतानं वरच्या जमिनीकडे पाहिलं. चुन्याच्या रेघा, लाल रंगाच्या खुंट्या. नऊ नंबरची खुंटी तिला पाठ झाली होती. विनोदनं रविवारी बोट करून दाखवली होती.

"अन् त्या घरायले पानी कुठलं?" तिनं विचारलं. "नळ तं टोलीपर्यंतच हाये."

"प्रत्येकाची बोअर," अमर म्हणाला.

"त्या बोअरमधी बी हेच येनार?"

"जमिनीखाली कुंपण नसतं, आजी," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून एक कागद काढून लिहायच्या पाटीवर लावला. एक रकाना होता: पिण्यासाठी वापर. पुढे 'आहे', 'नाही'. मॅडमनी पेन रकान्यावर धरलं आणि वर पाहिलं. विनोद बुटाच्या टोकानं ढेकूळ फोडत होता. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि तो पुसत नव्हता. लहानपणी काही मागायचं असलं की तो असाच उभा राहायचा, तोंडानं कधी मागायचा नाही.  या पोरानं खिडकीतून दार दिसतं की नाही, हे उन्हात उभं राहून पाहिलं होतं. आणि त्याच खिडकीत बसून रक्षा पेला तोंडाला लावणार, आणि त्या पेल्यात काय असेल ते कुणाला दिसणारही नाही.

"मी पेतो," धुरपता म्हणाली. "सासरी आली तवापासून. आज सकाळी बी पेल्ली. हा माहा पोरगा बी याच पान्यावर वाढला."

"आई," विनोद म्हणाला. 

तीन दिवसांची तालीम वाया गेली. पण आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

अमरनं नकाशाची गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मॅडम, एक म्हातारी बाई. तिच्या घरी नळ हाये. हौस मून पेते."

मॅडमनी कागद वाचला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आणखी कोणतं घर पितं, आजी? एकाच घराचा वापर असेल आणि त्या घरात नळ असेल, तर मला पिण्याची विहीर असं लिहिता येत नाही. निदान दोन घरं लागतात."

दोन घरं. दुसरं घर सहा पावलांवर किटली धरून उभं होतं. धुरपतानं तिकडे पाहिलं नाही. मान वळवली तरी सगळ्यांना कळेल, अशी तिला भीती वाटली. सांगितलं तर विहीर वाचत होती. पण ज्या गोष्टीसाठी एका नव्या सुनेनं तिला 'सांगू नको, माय' म्हटलं होतं, ती गोष्ट तिच्या नवऱ्यासमोर, मुलासमोर, सरकारी माणसांसमोर उघडी करायची? ते तिच्यानं होण्यासारखं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मी एकटीच."

"नीट आठवा."

"आठवाचं काय त्याच्यात? टोलीतल्या साऱ्यायनं नळ घेतले. दुसरं कोनी येत नाही इथं."

आणि नवल म्हणजे, हे खोटं तिला अगदी स्वच्छ बोलता आलं. आवाज हलला नाही, नजर ढळली नाही. मॅडमनी सुस्कारा टाकला आणि पेन 'नाही'कडे नेलं.

शकुनबाईनं किटली खाली ठेवली.

"दुसरं घर माहं हाये. मले बी लिहा."

"चूप राय ना वं तू!" धुरपता ओरडली. पाटलीनबाई नाही, तुमी नाही. चारचौघांत, भर उन्हात. ग्रामसेवकानं चमकून वर पाहिलं.

"मी कायले चूप राहू? तू माह्यासाठी विहीर घालवशील, अन् मी किटली धरून उभी राहू?" शकुनबाई मॅडमकडे वळली. "मॅडम, मी रोज येतो इथं. फुलं तोडाले निघतो अन् पानी पेतो. घरी सांगत नव्हतो."

"माय, काय बोलून राहिली तू?" अमर म्हणाला. "घरी आरओ हाये आपल्या."

"हाये ना. तू पे त्याचं."

 एकेक करून सगळे भैय्यालालकडे पाहू लागले. त्याच्या आईच्या सोवळ्याच्या गोष्टी गावात अजून सांगितल्या जात. सत्तरीचा माणूस, दोन्ही हात काठीवर, तोंडातली सुपारी चघळायची थांबलेली. शकुनबाई पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती. एवढी वर्षं संसार करून त्या क्षणी तिला नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नव्हतं.

भैय्यालालनं सुपारी थुंकली.

"लिहा, मॅडम. पेते ते. मले ठाऊक हाये."

"तुमाले?" शकुनबाई म्हणाली.

त्यानं तिच्याकडे न पाहता मॅडमलाच सांगितलं. "पह्यल्यांदा पेल्ली त्या दिवशी त्या बांधावर होतो मी. रोवन्यावर लक्ष ठेवाले. पाह्यलं." काठीनं त्यानं बोडीच्या अंगाचा बांध दाखवला. "हिच्या पोटात तवा पानीच ठरत नव्हतं. घरचं पेल्लं का उलटी. मले वाटलं होतं, काही खरं नाही आता हिचं. इथचं पेल्ली अन् ठरलं."

"मग तुम्ही घरी काही बोलला नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"मायले बोललो. म्हटलं, देवाले बोडीवरचीच फुलं पाह्यजेत, अन् सुनेच्याच हातची. रोज सकाळी धाडत जा तिले." तो जरासा हसला. "माय देवाचं लई ऐकत होती."

धुरपताला ओट्यावर बसावं लागलं. एवढी वर्षं दोघी इथे वाटेवर एक डोळा ठेवून बसत आल्या. पाचोळा वाजला तरी तांब्या पदराआड जाई. आणि ज्याच्या घराच्या भीतीनं जाई, त्यानंच ती वाट रोज मोकळी करून दिली होती. शकुनबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वयात चारचौघांत रडताना तिला लाज वाटत नव्हती. धुरपतालाही रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

"किती वर्षं झाली?" मॅडमनी हळूच विचारलं. कागदावर तोही रकाना होता.

भैय्यालालनं काठी उचलली आणि अमरकडे केली.

"याले विचारा त्याचं वय. तिसरा महिना होता तवा. घरी बी अजून सांगितलं नव्हतं."

अमर नकाशा हातात धरून उभा राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मग गुंडाळी काखेत मारली. मॅडमनी वय विचारलं नाही. त्यांनी 'आहे'वर खूण केली आणि दोन नावं लिहिली. दोन्ही नावं त्यांनी वाचून दाखवली, धुरपताचं आणि शकुनबाईचं, एकाखाली एक.

 चहा किटलीतच होता.

"पन्नास फूट कुठून मोजतात, मॅडम?" अमरनं विचारलं. "मधातून का काठापासून?"

"काठापासून."

मॅडमनी पिशवीतून मोठा टेप काढून दिला. अमर ओट्याशी वाकला, टेपची पेटी काठाला टेकवून धरली आणि दुसरं टोक घ्यायला कोण येतं म्हणून मागे पाहिलं. ग्रामसेवक पुढे झाला, पण त्याच्याआधी विनोदनं टोक घेतलं.

धुरपताला म्हणावंसं वाटलं, तू राहू दे बाळा, दुसऱ्या कुणाला धरू दे. पण तो निघाला होता. वरच्या जमिनीकडे, उन्हात, टेप मागे उलगडत. लाल खुंट्यांच्या रांगेत शिरला. नऊ नंबरच्या खुंटीपाशी पोचला तेव्हा क्षणभर त्याची मान वळली. तिथून त्यानं आईच्या दाराकडे पाहिलं.

"किती झाले?" त्यानं ओरडून विचारलं.

"अठ्ठावीस," अमर म्हणाला.

"ताणून धरा, भाऊ," विनोद म्हणाला, आणि खुंटी ओलांडून पुढे चालू लागला.